बेन्नूच्या नमुन्याचा आनंद टुसॉनच्या विद्यापीठाला एवढा का झाला?

भूशास्त्रवाली (प्रश्न):
मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. 24 सप्टेंबर 2023 रोजी बेन्नू या लघुग्रहावरचा नमुना घेऊन ओसायरिस-रेक्स यानाची कुपी युटाच्या वाळवंटात उतरली, तेव्हा टुसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात घरचे कार्य पार पडावे तसा आनंद झाला. मोहीम नासाची, यान लॉकहीड मार्टिनने बांधलेले, व्यवस्थापन नासाच्याच गोडार्ड केंद्राकडे आणि नमुना गेला नासाच्या ह्यूस्टनमधील केंद्राला. मग विद्यापीठाच्या ग्रहविज्ञान विभागाचा त्यात नेमका वाटा कोणता, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना काय सांगावे?

वाळवंटवासी:
आपला प्रश्न रास्त आहे. ही मोहीम नासाने आखून विद्यापीठाकडे सोपवलेली नव्हती. कोणत्या लघुग्रहावर जायचे, काय आणायचे आणि कशासाठी, याचा प्रस्ताव विद्यापीठाच्या लूनार अँड प्लॅनेटरी लॅबोरेटरी या ग्रहविज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाला होता आणि इतर प्रस्तावांशी स्पर्धा करून 2011 मध्ये तो निवडला गेला. प्रमुख संशोधक मायकेल ड्रेक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. त्यांचे सहकारी दांते लॉरेटा यांनी ती धुरा उचलली आणि यानाचे प्रक्षेपण 2016 मध्ये, म्हणजे ड्रेक गेल्यानंतर पाच वर्षांनी झाले. टुसॉनमधील ज्या इमारतीतून मोहिमेचे वैज्ञानिक कामकाज चालले, तिला ड्रेक यांचेच नाव आहे. जेरार्ड कायपर यांनी 1960 मध्ये उभारलेल्या या संस्थेने 2008 मध्ये मंगळावर उतरलेल्या फिनिक्स मोहिमेचेही नेतृत्व केले होते. तेव्हा हा आनंद पाहुण्यांचा नव्हता, यजमानांचा होता.

नभांगण:
वरील उत्तराला मला एक जोड द्यायची आहे, कारण विद्यार्थ्यांना यश सांगताना त्याआधीचा जिवाचा घोर सांगितला नाही, तर आनंदाची खोली कळत नाही. 20 ऑक्टोबर 2020 रोजी यानाच्या हाताने बेन्नूला स्पर्श केला तेव्हा पृष्ठभागाने जवळजवळ काहीच विरोध केला नाही आणि नमुना गोळा करणारे तोंड सुमारे अर्धा मीटर आत गेले. नमुना भरपूर मिळाला. इतका, की मोठे खडे मायलर या प्लास्टिकच्या पातळ झडपेत अडकून ती उघडी राहिली आणि धूळ अवकाशात सांडू लागली. यानाला गिरकी देऊन नमुन्याचे वस्तुमान मोजायचे ठरले होते, ते रद्द करून ते तोंड घाईने कुपीत बंद करावे लागले. पुढे कुपी परतली तेव्हा तिचे पहिले, छोटे पॅराशूट ठरल्या वेळी उघडले नाही. मुख्य पॅराशूट उघडल्याचे कळेपर्यंत हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्या लॉरेटा यांची काय अवस्था झाली असेल!

एवढ्यानेही संपले नाही. ह्यूस्टनमध्ये 35 पैकी दोन स्क्रू हटेनात, त्यासाठी नवी अवजारे घडवावी लागली आणि तोंड पूर्ण उघडले ते जानेवारी 2024 मध्ये. हाती आले 121.6 ग्रॅम, गरज किमान 60 ग्रॅमची होती.

भूशास्त्रवाली:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पण विश्लेषण ह्यूस्टनमध्येच होत असेल, तर विभागाच्या हाती पुढे काय उरले?

वाळवंटवासी:
ह्यूस्टनला नमुन्याचे जतन होते. किमान 70 टक्के भाग पुढील पिढ्यांच्या संशोधकांसाठी राखून ठेवायचा आहे आणि मोहिमेच्या चमूला मिळालेल्या वाट्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालते. त्यांत टुसॉनची प्रयोगशाळाही आहे. खारे पाणी आटून मागे राहिलेले क्षार, अमोनिया आणि सजीवांच्या प्रथिनांत आढळणाऱ्या 20 पैकी 14 अमिनो आम्ले त्या नमुन्यात सापडल्याचे जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या क्षारांविषयी अवश्य सांगा, कारण खनिजांच्या क्रमावरून आटत गेलेल्या पाण्याचा इतिहास वाचणे हे त्यांच्याच शास्त्राचे काम आहे.

शिवाय यान अजून कामावर आहे. कुपी सोडून ते अपोफिस लघुग्रहाच्या वाटेला लागले आहे, जो एप्रिल 2029 मध्ये पृथ्वीजवळून जाईल. त्या मोहिमेच्या प्रमुख डॅनी डेलाजुस्टिना याच विद्यापीठात शिकल्या आहेत.