वेल्श हार्प तलाव नेमका कोणाचा? आणि स्वयंसेवक तिथे करतात तरी काय?

नीरजा_के

नमस्कार मंडळी,

वायव्य लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, पण इतरांनीही लिहावं.

आम्ही किंग्जबरीला राहायला आलो तेव्हापासून फिरायला वेल्श हार्पच्या काठाने जातो. कागदोपत्री नाव ब्रेंट रिझर्व्हॉयर. एका काठावर ब्रेंट कौन्सिलचा फलक, पलीकडे एजवेअर रोडच्या अंगाला गेलं की बार्नेटचा, आणि धरणापाशी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचा. मध्येच काही लोक हातमोजे घालून झाडं उपटत असतात. विचारलं तर म्हणाले, आम्ही स्वयंसेवक, तुम्हीही या.

नवऱ्याचं म्हणणं, कौन्सिल टॅक्स भरतोच आहोत, वर तण पण आपणच उपटायचं? मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असे: तलावाचा मालक कोण? या लोकांना काही अधिकार असतो की नुसतं राबायचं? पाऊस झाला की ओढ्यांच्या तोंडाशी प्लास्टिकचा थर येतो, त्याची तक्रार कोणाकडे करायची? आणि मला पक्ष्यांमधलं बदक सोडून काही ओळखता येत नाही, तर माझा उपयोग होईल का?

ठोंब्या

उत्तर सोपं आहे. कौन्सिलांकडे पैसे उरलेले नाहीत. उद्यान विभागात माणसं कमी केली की 'समाजाचा सहभाग' वाढतो. फुकटची माणसं, फोटोला बरी. तुमच्या यजमानांना माझं अनुमोदन.

पाटकरी

नीरजाताई, मी पाटबंधारे खात्यात उमेदवारी केलेला माणूस. तलाव दिसला की आधी सांडवा शोधतो, पक्षी नंतर. उत्तरही त्याच क्रमाने देतो.

हा तलाव निसर्गासाठी कोणी बांधला नाही. रीजंट्स कालव्याला पाणी पुरेना म्हणून कालवा कंपनीने १८३४-३५ मध्ये ब्रेंट नदीला आडवा बंधारा घातला. १८४१ मध्ये मुसळधार पावसानंतर धरणाचा माथा ढासळला आणि खालच्या अंगाला माणसं दगावली. पुढे काठावरच्या एका जुन्या पबचं नाव तलावाला चिकटलं. पाणी आणि धरण आजही कालव्यांच्या वारसदाराकडे, म्हणजे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. २०१२ पर्यंत हे सगळं ब्रिटिश वॉटरवेज नावाच्या सरकारी संस्थेकडे होतं. कालव्यात होड्या फिरतात त्या पाण्याचा हिशेब इथे सुरू होतो, हे विसरून या तलावाबद्दल बोलताच येत नाही.

कौन्सिलांकडे येतो तो भोवतालचा हिरवा पट्टा. १९६५ मध्ये लंडनचे नवे बरो, म्हणजे कौन्सिलांचे विभाग, पाडले. विलिस्डन आणि वेम्बली मिळून ब्रेंट झालं, हेंडन-फिंचली वगैरे मिळून बार्नेट झालं, आणि तलाव दोघांच्या हद्दीवर पडला. (पक्ष्यांना हद्द कळत नाही, हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी टाकतंच. कळत नाही हे खरंय, पण गवत कापणाऱ्या ठेकेदाराला चांगलीच कळते.)

त्यावर कायद्याचे दोन थर आहेत. १९५० पासून हा तलाव विशेष शास्त्रीय महत्त्वाचं ठिकाण म्हणून नोंदलेला आहे, मुख्यतः इथे वीण करणाऱ्या पाणपक्ष्यांमुळे, त्यातही तुरेवाल्या टिबुकलीमुळे. एकोणिसाव्या शतकात बायकांच्या टोप्यांसाठी आणि गळपट्ट्यांसाठी या पक्ष्याची ब्रिटनमध्ये इतकी शिकार झाली की तो जवळपास संपलाच होता. दुसरा थर स्थानिक निसर्ग राखीव क्षेत्राचा. हा दर्जा १९४९ च्या कायद्याखाली कौन्सिलच जाहीर करते. त्यासाठी जमीन तिच्या मालकीची, भाड्याची किंवा मालकाशी करार केलेली असावी लागते. पहिला थर बंधन घालतो: नेमून दिलेली कामं नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या संमतीशिवाय मालकालाही करता येत नाहीत. दुसरा जबाबदारी अंगावर घेतो. मात्र अंगावर घेतलेली जबाबदारी निभवायला माणूस कोण, हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही. स्वयंसेवक येतात ते त्या रिकाम्या जागेत. इथला संवर्धन गट १९७२ पासून आहे.

आता कामाबद्दल. तुम्ही पाहिलं ते बहुधा हिमालयी तेरडा उपटणं असणार. आपल्याकडचाच भाऊबंद, १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून इथे आणला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण याने इथल्या ओढ्याकाठी कायमचं ठाण मांडलंय. शेंग तडकली की बी सात मीटरपर्यंत उडतं. म्हणून शेंगा धरायच्या आत उपटायचा, मुळं वरवर असतात, हाताने सहज येतो. फुलं सुंदर असतात, त्यामुळे नवे लोक उपटताना हळहळतात. मी नाही हळहळत. हा थंडीत मरतो आणि काठ उघडा पडतो, मग पावसाबरोबर माती सरळ तलावात. गाळ म्हटला की माझं डोकं फिरतं.

दुसरं काम कुरणांचं. उन्हाळा सरताना गवत कापायचं आणि, हे महत्त्वाचं, कापलेलं उचलायचं. तिथेच पडू दिलं तर कुजून जमीन माजते. माजलेल्या जमिनीत खाजऱ्या नेटलचं रान उठतं आणि रानफुलं हटतात. यंत्राने कापणी एका सकाळी उरकते. दाताळ्याने गवत ओढून ढीग लावायला मात्र माणसंच लागतात, आणि ठेक्यात ते कलम बहुतेक वेळा नसतं.

तिसरं तराफ्यांचं. सुरय नावाचे पक्षी वसंतात पश्चिम आफ्रिकेकडून येतात आणि त्यांना उघड्या वाळूखड्यांवर अंडी घालायची असतात. तशी जागा शहरात कुठून येणार, म्हणून पाण्यावर तराफे ठेवून त्यावर खडी पसरतात. तराफे आधीपासून उघडे ठेवले तर कुरव आणि हंसबदकं बळकावून बसतात, म्हणून ते सुरय येण्याच्या बेताला मोकळे करायचे.

आता ठोंब्या यांच्याकडे. फुकटचे हात म्हणालात. हातांचं मलाही फार कौतुक नाही. पैसे टाकले की ठेकेदार हात देतो. पैसे टाकून मिळत नाही ती वही. ब्रिटनभर पाणपक्ष्यांची महिन्याला एकदा ठरलेल्या दिवशी मोजणी होते, बीटीओ ही पक्षी-अभ्यासाची संस्था ती चालवते, आणि मोजणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. कुठल्या कोपऱ्यात किती घरटी, कोणत्या साली पाणी वाढून बुडाली, कुठलं कुरण कधी कापलं, हे यांच्याकडे लिहिलेलं असतं. कौन्सिलचा अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. त्याच्याबरोबर त्याची ईमेलही जाते.

एक पाहिलेली गोष्ट सांगतो, इथली नव्हे, दुसऱ्या एका राखीव जागेतली. ठेकेदाराची माणसं ऐन फुलोऱ्यात कुरण कापायला आली. त्यांच्या हातातला नकाशा जुना. ज्यांनी कापणीचा महिना बदलून घेतला होता ते अधिकारी नोकरी सोडून गेलेले. तिथल्या एक आजीबाई पिशवीतून फाइल काढून उभ्या राहिल्या: बैठकीची तारीख, ठराव, सही. मुकादमाने फोन लावला, पलीकडे कोणाला काही माहीत नाही, पण लेखी बघितल्यावर यंत्र परत गेलं. गवत उपटणारी दहा माणसं त्या दिवशी तिथे असती तरी यंत्र थांबलं नसतं.

ठोंब्या

आजीबाई आवडल्या. पण हा अपवाद झाला. दोन्ही कौन्सिलांच्या समितीत या स्वयंसेवकांना मत असतं का? की चहा-बिस्किट आणि 'आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे'?

पाटकरी

अशा संयुक्त समित्या सहसा सल्लागारच असतात. दोन्हीकडचे नगरसेवक, अधिकारी, तलावाचा मालक, नौकानयनवाले, पक्षीवाले असे एका टेबलाशी बसतात. पैसा मंजूर करायचा तो प्रत्येक कौन्सिलने आपापल्या घरी. त्यामुळे समितीत हात वर करून फार काही होत नाही हे मान्य.

जोर येतो तो दुसऱ्या दाराने. काठावर बांधकामाचा प्रस्ताव आला की नॅचरल इंग्लंडचं मत घ्यावं लागतं, आणि सार्वजनिक संस्थांवर अशा ठिकाणाचं संवर्धन पुढे नेण्याचं कर्तव्य १९८१ च्या वन्यजीव कायद्याने (कलम २८जी) टाकलेलं आहे. तिथे 'आम्हाला तलाव फार आवडतो' अशी शंभर पत्रं गेली तर त्यांची संख्या मोजतात. वर्षानुवर्षांच्या मोजणीचा तक्ता गेला तर तो वाचावा लागतो.

पैशाचंही सांगतो. नव्या बांधकामावर कौन्सिल जो पायाभूत सुविधा आकार घेते त्यातला १५ टक्के वाटा परिसरातल्या लोकांना विचारून खर्च करायचा असतो. लाकडी पायवाट, माहितीफलक, अवजारं यांसाठी गट त्यातून मागू शकतात. अर्ज भरणारा चिकट माणूस मात्र गटात पाहिजे. पक्षी ओळखणारे पुष्कळ मिळतात, असा माणूस क्वचित.

मीनल_हॅरो

छान माहिती. एक शंका. टिबुकलीची घरटी पाण्यावर तरंगती असतात ना? मग विणीच्या काळात पाण्याची पातळी एकसारखी का ठेवत नाहीत? दोन कौन्सिलांनी सांगितलं तर ट्रस्ट ऐकणार नाही का?

पाटकरी

मीनलताई, नेमकी हीच गोष्ट कौन्सिल किंवा पक्षीवाले ठरवू शकत नाहीत. घरटं काठाच्या वेताला अडकवलेलं असतं. पाणी हळू वाढलं तर पक्षी वर काड्या रचत जातो, एका रात्रीत चढलं तर अंडी गेली, आणि खूप उतरलं तर घरटं चिखलात बसतं आणि कोल्हा चालत येतो. म्हणजे पातळी स्थिर हवी हे बरोबर.

पण २५,००० घनमीटरहून जास्त पाणी जमिनीच्या वर अडवणाऱ्या जलाशयाला इथे १९७५ चा रिझर्व्हॉयर्स ॲक्ट लागतो. देखरेखीला नेमलेला अभियंता असतो, आणि किमान दर दहा वर्षांनी स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी. दरवाजे दुरुस्त करायचे म्हणून त्याने पाणी उतरवायला सांगितलं तर उतरवावंच लागतं, खाली वस्ती आहे. हा कायदा उगाच नाही आला. १९२५ मध्ये वेल्समध्ये डॉल्गारोगला धरण फुटून सोळा माणसं मेली, त्यानंतर १९३० चा पहिला कायदा झाला.

माझ्या मते भांडायचं ते काम कोणत्या महिन्यात करायचं यावर. पाणी उतरवायचं तर शरदात उतरवा, मार्चपर्यंत परत भरा. हे कॅलेंडर स्वयंसेवक आणि अभियंता एका टेबलाशी आणू शकले तर निम्मं काम झालं. पक्षीवाल्यांना मी नेहमी सांगतो, अभियंत्याला खलनायक करू नका, त्याला विणीच्या तारखा द्या. त्या त्याच्या पुस्तकात नसतात.

नीरजा_के

पाटकरीकाका, मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो 'वही' या शब्दापाशी गप्प झाला, तो ऑडिटमध्ये आहे.

प्लास्टिकचं राहिलं. आणि पाणी कधीकधी करडं-दुधाळ दिसतं ते काय?

पाटकरी

प्लास्टिक वरून येतं. एका बाजूने सिल्क स्ट्रीम, दुसऱ्या बाजूने ब्रेंट, जी डॉलिस ब्रुक आणि मटन ब्रुक मिळून होते. पाणलोटात सगळी रस्ते-घरं, त्यामुळे एका सरीत रस्त्यावरचं सगळं गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून तलावात. काठावरचा ढीग उचलून समाधान मिळतं, पुढच्या पावसात तो परत येतो. उचलायचा तर आहेच, पण पिशव्या भरताना काय सापडलं ते लिहून ठेवा.

करड्या पाण्याची गंमत वेगळी. इथे पावसाच्या पाण्याचे नळ वेगळे आणि मैल्याचे वेगळे. कोणीतरी वॉशिंग मशीन किंवा नवं न्हाणीघर बसवताना चुकून पावसाच्या नळाला जोडतं, आणि साबणपाणी, कधी त्याहून वाईट, थेट ओढ्यात. घरमालकाला पत्ताच नसतो. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने २०१६ पासून यावर एक पद्धत बसवली आहे: स्वयंसेवक नदीकाठाने चालत जाऊन प्रत्येक पाइपाच्या तोंडाचा फोटो, वास, रंग नोंदवतात. त्यावरून पाणी कंपनी चुकलेलं घर हुडकते आणि जोडणी दुरुस्त करायला घरमालकाला सांगते. म्हणजे परत वहीच.

मेलेले मासे, तेलाचा तवंग, असलं दिसलं तर कौन्सिलची वाट न बघता पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या आपत्कालीन फोनवर लगेच कळवा. नेमकी जागा आणि वेळ सांगा, दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग नसतो.

आणि हो, लेप्टो इथेही असतो. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरतो. हाताला कापलेलं असेल तर पट्टी, वर हातमोजे, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. गटाबरोबर अधिकृत कामाला गेलात तर हे सगळं ते आधी सांगतात, विमाही असतो. एकट्याने उत्साहात पाण्यात उतरू नका.

ठोंब्या

माझं मत निम्मं बदललं. कौन्सिल पैसे वाचवते हे खरंच आहे, ते मी सोडणार नाही.

पाटकरी

सोडूही नका. गटाच्या कामाचे तास लिहून ठेवा आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत ते तुम्हीच वाचून दाखवा, बोलता बरे.

नीरजा_के

पुढच्या मोजणीला जाते मग. बदकाशिवाय काही ओळखता येत नाही त्याचं काय? आणि दुर्बीण कोणती घेऊ?

मीनल_हॅरो

पहिल्या वेळी जाणकार मोजतात आणि नवीन माणूस आकडे लिहितो. लिहितालिहिता ओळख होते, माझी तशीच झाली. काळं अंग आणि पांढरी चोच दिसली की वारकरी, तिथून सुरुवात करा. दुर्बीण ८ × ४२ पुरते, पण लगेच विकत घेऊ नका. मोजणीच्या दिवशी दोघातिघांच्या मागून डोळ्याला लावून बघा. चष्मा असेल तर आधी तेच तपासा.