मदत हवी आहे: 'चोर बीटी' कापसावर तणनाशक मारलं, ओळीतली काही झाडं वाळली, काही टवटवीत. काय झालं असेल?

पांदण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा अडचणीचा आहे, कायद्याच्या बाजूने. तरी विचारतो, कारण बाबा धड काही सांगायला तयार नाहीत आणि गावात विचारावं तर बोभाटा होतो.

मी पुण्यात नोकरीला. गावी, यवतमाळ जिल्ह्यात, आईबाबा सात एकर करतात. सगळं कोरडवाहू. दर वर्षी पऱ्हाटी (कापूस) आणि मधे तुरीचे तास (ओळी), हे ठरलेलं. यंदा चार एकरांत नेहमीचं बीजी-२ चं पाकीट (बोंडअळीला मारणारे बीटीचे दोन जनुक घातलेलं, सरकारमान्य) लावलं आणि तीन एकरांत "ते दुसरं". ते दुसरं म्हणजे काय हे विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. एचटीबीटी, चोर बीटी, काय म्हणायचं ते म्हणा. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, फक्त गवत मरतं, असं ते बियाणं, सरकारी मान्यता नसलेलं. सरकारी भावाचं पाकीट यंदा ९०१ रुपयांना, हे १४०० ला आणलं. ना छापील पाकीट, ना पावती. पांढरी पिशवी, वर पेनाने एक आकडा लिहिलेला.

बाबांना मी बोल लावत नाही. आईचे गुडघे गेलेत, निंदणाला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर ऐन पावसाच्या झडीत वावरात पाय ठेवता येत नाही. गेल्या वर्षी दोन निंदणांतच सगळा हिशेब बसला होता.

तर १८ जूनला लावण झाली. सरकी महागाची म्हणून एका जागी एकच दाणा टोबला. तुरीचे तास त्या तीन एकरांत टाकलेच नाहीत, कारण तणनाशकाने तूर जळते. १६ जुलैला ग्लायफोसेट मारलं, १५ लिटरच्या पंपाला १०० मिली. आठवड्याभरात गवत पिवळं पडलं, आणि त्याबरोबर काही पऱ्हाटीसुद्धा. आधी शेंड्याची कोवळी पानं पिवळी, मग अख्खं झाड. आता ती उभी वाळलीत. बाकीची मात्र अशी काही हिरवीगार आहेत की बघत राहावं.

बाबांचं एकच पालुपद, "मायाच हातून डोज जास्त पडला असन." चार दिवस नीट जेवलेले नाहीत. माझे प्रश्न: १) हे डोसामुळे झालं का? २) वाळलेल्या जागी आता काही लावता येईल का? ३) विकणाऱ्याची तक्रार करता येते का?

बेधडक

बेकायदा बियाणं लावायचं, बिल घ्यायचं नाही, आणि मेलं की मदत हवी आहे. छान चाललंय.

तीन फणी डवरा

बेधडकराव, तुम्ही एकदा जुलैत आमच्याकडे निंदायला या. भाकरी आमची.

पांदणभाऊ, डोस जास्त झाला म्हणता, पण पंपाला १०० मिली तर सगळेच टाकतात. पाणी कुठलं वापरलं? गढूळ पाण्यात ग्लायफोसेटची ताकद कमी होते, वाढत नाही. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी डिट्टो असंच झालं होतं, आम्ही वाऱ्यावर ढकललं आणि मोकळे झालो.

जुना बियाणेवाला

मी बियाण्याच्या कामात तीस वर्षं काढली, आता घरी आहे. पांदण, उत्तर द्यायच्या आधी मला चार गोष्टी हव्यात.

वाळलेली झाडं एका पट्ट्यात आहेत की सगळ्या वावरात विखुरलेली? वाळलेल्या झाडाच्या शेजारचं झाड अर्धवट पिवळं आहे, की पूर्ण हिरवं? वाचलेली झाडं एका उंचीची आहेत का? आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: वावराच्या मधले कुठलेही तीन तास घ्या आणि एकूण झाडं किती, मेलेली किती, हे मोजा. अंदाज नको, मोजा. धुऱ्याजवळचे तास घेऊ नका, तिथे दुसऱ्याच्या फवाऱ्याचा वारा लागलेला असू शकतो.

डोस चुकला असता तर पंप जिथे रेंगाळला तिथे, म्हणजे तासाच्या टोकाला, वळणावर, पट्टेच्या पट्टे गेले असते. आणि मधली झाडं अर्धी पिवळी, अर्धी हिरवी अशी आजारी दिसली असती.

पांदण

काका, काल आईने मोजलं. बाबा गेलेच नाहीत. आईने ओट्यात हरभरे घेतले. मेलेल्या झाडामागे एक दाणा डब्यात, जिवंत झाडामागे एक दाणा पिशवीत, आणि घरी येऊन दोन्ही मोजले. पहिला तास २०४, त्यात मेलेली ४९. दुसरा १९७, मेलेली ५४. तिसरा २०९, मेलेली ४५.

विखुरलेली आहेत, पट्टा नाही. एक झाड खडखडीत वाळलेलं आणि हातभरावरचं दुसरं काहीच न झाल्यासारखं. अर्धवट असं एकही नाही. उंचीचं म्हणाल तर आई म्हणते, "शाळेतल्या पोरायसारखी हायेत, कोनी बुटकं, कोनी उंच." शेजारच्या चार एकरांतली मात्र एका मापाची.

जुना बियाणेवाला

वहिनींना माझा नमस्कार सांगा. कृषी विद्यापीठात अशी मोजणी करून घ्यायला आम्हाला विद्यार्थ्यांच्या मागे लागावं लागायचं.

६१० पैकी १४८. म्हणजे जवळजवळ बरोबर चौथा हिस्सा. बाबांना आजच फोन करून सांगा की त्यांच्या हातून काहीही चुकलेलं नाही. चूक पिशवीत होती.

कापसाचं बियाणं आपल्याकडे संकरित असतं. नर-मादी दोन वाण घेऊन, फुलाफुलाला हाताने परागीकरण करून ते तयार करतात. त्यात बाहेरून घातलेला जनुक बहुतेक वेळा एकाच पालकाकडून आलेला असतो. म्हणजे झाडाकडे त्या जनुकाची एकच प्रत. पहिल्या पिढीत प्रत्येक झाडाला ही एक प्रत मिळते आणि तणनाशक सोसायला एक पुरते, म्हणून खऱ्या संकरित बियाण्यात जवळपास सगळी झाडं वाचतात. पण त्या झाडाच्या बोंडातली सरकी जिनिंगमधून उचलून पुन्हा लावली, तर चार दाण्यांत सरासरी एकाला दोन प्रती, दोघांना एकेक, आणि एकाला काहीच नाही. ज्याला काहीच नाही ते झाड तुमच्या गवतासारखंच मेलं.

कुणीतरी गेल्या वर्षीच्या चोर बीटीची सरकी साफ करून, रंग लावून, १४०० रुपयांना विकली आहे. उंचीतला फरकही त्यामुळेच. दुसऱ्या पिढीत संकराचा जोम ओसरतो, भावंडं एकमेकांसारखी राहत नाहीत.

जीवशास्त्राची ताई

मी आठ वर्षं हेच मेंडेलचं प्रमाण फळ्यावर वाटाण्याच्या शेंगा काढून शिकवतेय आणि पोरं जांभया देतात. ही मोजणी वर्गात वापरू का? गावाचं नाव घेणार नाही.

एक शंका. बियाण्याच्या पिशवीत रेफ्युजीचे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून घालतात ते बिगर-बीटी दाणे मिसळलेले असतात ना? ती झाडं मेली असतील असं नाही होणार?

जुना बियाणेवाला

वापरा की. शंका योग्य आहे, पण दोन कारणांनी नाही. रेफ्युजी मिसळायची ती कायदेशीर पाकिटात, पाच ते दहा टक्के. इथे चोवीस टक्के आहेत. शिवाय चोरून विकणारा अळीची प्रतिकारशक्ती रोखायला आपले दाणे कशाला खर्च करेल?

पूर्वी १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, कडेने लावायला. किती जणांनी लावली? मी तर ती पुडी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली पाहिली आहे. म्हणून मग मिसळून द्यायची पद्धत आणली.

कापूसकोंडा

जुन्या काकांनी सांगितलं ते बरोबर, पण गोष्ट इथून सुरू होत नाही. २००२ मध्ये पहिल्या बीटीला मान्यता मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-२ आलं, आणि त्याच्या पुढचं तंत्रज्ञान काही शेतकऱ्याच्या हाती आलं नाही. तणनाशक सोसणाऱ्या वाणाचा अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. मागणी काही मागे घेतली गेली नाही. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं उघड उघड लावलं, गुन्हे दाखल झाले, आणि तेव्हापासून सगळं पांढऱ्या पिशवीतच चाललंय. मान्यता दिली असती तर पिशवीवर नाव, लॉट नंबर असता आणि पांदणच्या बाबांना तक्रार करता आली असती.

जुना बियाणेवाला

कापूसकोंडा, लॉट नंबर हवा यावर माझं दुमत नाही. पण मान्यता दिली म्हणून सगळं सुरळीत झालं असतं असं नाही. बीजी-२ ला मान्यता होती, पाकीट होतं, लॉट नंबर होता. तरी २०१७ ला गुलाबी बोंडअळीने यवतमाळ रिकामं केलं. आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसेक माणसं गेली. ते मी जवळून पाहिलंय, त्यावर इथे लिहिणार नाही.

पांदण, बोंडअळीचा विषय तुमच्यासाठीही आहे. जी पाऊण झाडं वाचली, त्यांच्यात बीटीचे जनुकही असेच वाटले गेले असणार. बीजी-२ चे दोन जनुक वेगवेगळे वारसाहक्काने जातात, तेव्हा हिशेब असा: सोळा झाडांत नऊंकडे दोन्ही, सहांकडे एक, एकाकडे काहीच नाही. गुलाबी अळीला आता दोन्ही प्रथिनांचं फारसं वाटत नाही. पण हिरवी, अमेरिकन बोंडअळी अजून बीटीने रोखली जाते, आणि तुमच्या त्या तीन एकरांत तिला मोकळी झाडं सापडतील. चार एकरांच्या भरवशावर तीन एकरांकडे दुर्लक्ष करू नका.

तीन फणी डवरा

काका, म्हणजे कायदेशीर पाकिटातल्या पहिल्या पिढीच्या बोंडातही दाणे असेच वाटले जात असतील ना? झाड बीटी, पण त्याच्या पोटातला प्रत्येक दाणा वेगळा?

जुना बियाणेवाला

बरोब्बर. आणि गुलाबी अळी पान खात नाही, दाणा खाते. एकाच बोंडात विषारी दाणा, बिनविषारी दाणा शेजारी शेजारी. अळीला तालीम करायला याहून चांगला आखाडा नाही. अमेरिकेत सरळ वाण लावतात, संकरित नाही. तिथे सगळ्या दाण्यांत जनुक असतो. त्यांनी बीटीच्या जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडले, पऱ्हाट्या वेळेत काढल्या आणि २०१८ मध्ये गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. आपण फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून) घेत बसलो.

आता कामाचं. नांगे (रिकाम्या जागा) भरायच्या भानगडीत पडू नका. जुलै संपत आला, आता टोबलेली सरकी थोराड झाडांच्या सावलीत खुरटते. विखुरलेली एकेक जागा मोकळी असेल तर शेजारची झाडं फांद्या पसरून बरीच भरपाई करतात. तणनाशकाची दुसरी फवारणी नको, आता डवऱ्याने तण काढायचं, डवरणीच. ग्लायफोसेटला आपल्याकडे मान्यता चहाच्या मळ्याला आणि बिगरपिकाच्या जागेला आहे, कापसाला नाही. आणि ते कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच मारायचं, अशी केंद्राची अधिसूचना ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली. दुकानदार हे सांगत नाही.

सगळ्यात आधी तो पंप. ज्या पंपाने तणनाशक मारलं तोच धुतल्याशिवाय चार एकरांत कीटकनाशकाला वापरला, तर ती साधी पऱ्हाटी आणि तिच्यातली तूर दोन्ही जळतील. शक्य असेल तर पंपच वेगळा ठेवा.

मग कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे), एकरी दोन. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की उपाय सुरू करायचा. फुलं लागली की डोमकळ्या बघा. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं की तोडून आत बघा, अळी असते. ती फुलं तिथेच टाकू नका, गोळा करून जाळा. पुढे वीस हिरवी बोंडं फोडून बघायची, दोनांत अळी निघाली तर फवारणी. डिसेंबर सरला की पीक काढून टाका, कितीही बोंडं दिसली तरी. पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका.

तक्रारीचं खरं सांगतो. तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते, पण पावती, टॅग आणि रिकामं पाकीट मागते. तुमच्याकडे तिन्ही नाही, आणि बियाणंच मान्यता नसलेलं. नुकसानभरपाई मिळेल अशी आशा धरू नका. विकणारा कोण हे कृषी विभागाला कळवायचं की नाही, हे बाबांनी ठरवावं. गावात राहायचं त्यांना आहे.

बेधडक

आधीचा प्रतिसाद जरा तुसडा झाला, माफ करा. पिशवीत उरलेले दाणे असतील तर जपून ठेवा. दाणा किंवा पान चुरडून पट्टीवर बीटीची चाचणी होते, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तसे किट तयार केलेले आहेत.

पांदण

सगळ्यांचे आभार. ताई, खुशाल वापरा, आईला फार आवडलं.

काल रात्री बाबांना फोन करून हरभऱ्याचा हिशेब समजावला. एक लाल, तीन हिरवे, असं काय काय. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे माया डोज बरोबर होता." आणि भाकर वाढ म्हणून आईला हाक मारली.

सापळे आणायला आज वणीला गेलेत. पण सकाळी निघताना मला एक प्रश्न टाकून गेले, तो जसाच्या तसा इथे ठेवतो: "जी मेली ते त मेलीच. आता जी वाचली, त्याच झाडाइची सरकी राखून पुढच्या साली लावली, त सम्दी वाचतीन का?"

जुना बियाणेवाला

अरे देवा.

बाबांना सांगा, प्रश्न पैदासकाराचा आहे. वाचलेल्या तीन झाडांत एकाकडे दोन प्रती, दोघांकडे एकेक. पुढच्या पिढीत चौथा हिस्सा नाही, साधारण सहावा हिस्सा मरेल. पण जोम आणखी उतरेल, धाग्याची लांबी कमी-जास्त होईल, बीटीचा विस्कोट वाढेल, आणि बियाणं बेकायदा ते बेकायदाच. लावू नका म्हणावं.

पांदण

सांगितलं. म्हणाले, "सहावा? चौथ्यापेक्षा त बरंच हाय न मंग."

आईने सरकीच्या डब्याला कुलूप लावलंय.