मदत हवी आहे: इंग्रजीत आवाजासाठी कुठला शब्द कुठल्या शब्दाला जोडायचा?

मुलगी नववीत आहे, तिच्या इंग्रजी निबंधात 'बिग साउंड' आणि 'हेवी नॉइज' लिहिलं होतं, बाईंनी दोन्हीखाली लाल रेघ मारली. मला वाटलं रेन हेवी, ट्रॅफिक हेवी, मग नॉइज का नाही? आता कळलं की तिथे लाउड नॉइज म्हणतात, फारच मोठा असेल तर डेफनिंग, थांबतच नसेल तर कॉन्स्टंट, आणि लांबून अगदी बारीक येत असेल तर फेंट साउंड. 'आवाज करू नको' म्हणताना पण डू नाही, मेक अ नॉइज.

पण खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे भांड्यांचा खणखणाट, ढगांचा गडगडाट, पानांची सळसळ, प्रत्येकाला वेगळा शब्द आणि तो आपोआप तोंडात येतो. इंग्रजीत भांड्यांना क्लॅटर, ढगांना रम्बल, पानांना रसल एवढं सापडलं. पण पैंजणांची रुणझुण किंवा कुकर शिट्टीच्या आधी जो फुसफुसतो त्याला काय म्हणायचं? जिंगल आणि टिंकल मधला फरक पण कोणीतरी उदाहरण देऊन सांगा ना प्लीज, तिला पाठ न करता समजून वापरता यायला हवंय.