मदत हवी आहे: मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असं इंग्रजी नाव (तातडीचं)

शिंचूकर: लॅबमधल्या सहकाऱ्यासाठी इंग्रजी नाव हवंय. नावावरून बाई की पुरुष ते कळता कामा नये. आज रात्रीच परिषदेचा फॉर्म भरायचाय, बॅजवर तेच छापून येणार. अ‍ॅलेक्स नको, लॅबमध्ये आधीच दोन आहेत. पटापट सुचवा.

माई_ठाणे: मुलगा आहे की मुलगी?

शिंचूकर: माई, तेच तर कळू द्यायचं नाहीये!

अभ्या_नाशिक: देश कुठला? आडनाव काय? जपानी असेल तर बदलायची गरजच नाही. हिकारू, माकोतो, काओरू दोघांचीही असतात. कोरियात जिवॉन, जिमिन.

डॅलसचा_देशपांडे: रॉबिन. डोळे झाकून. चिनी सर्च इंजिन बायडूचे सहसंस्थापक रॉबिन ली पुरुष आहेत आणि आमच्या ऑफिसातल्या रॉबिन, बाई. नाहीतर क्विन.

शिंचूकर: तैवान! माझा आयडी वाचा की राव, शिंचू तैवानातलंच शहर आहे. आडनाव लिन.

अभ्या_नाशिक: मग रॉबिन लिन, क्विन लिन? बडबडगीत झालं. म्हणून आडनाव आधी सांगायचं असतं. आणि त्यांच्या मँडरिन चिनीमध्ये 'व्ह' नाही, त्यामुळे एव्हरी, रिव्हर बाद. स्वतःचं नाव स्वतःला म्हणता आलं पाहिजे.

कट्टर_कोल्हापुरी: मुळात इंग्रजी नाव हवं कशाला? आपला ज्ञानेश्वर जातोच की अमेरिकेला!

डॅलसचा_देशपांडे: जातो, आणि महिन्याभरात 'डॅन' होतो. कॉफीच्या कपावर काय लिहितात ते बघा कधीतरी.

कट्टर_कोल्हापुरी: लिहिणाऱ्याला शिकवा. आपण का वाकायचं?

शिंचूकर: भांडण दुसरीकडे. इथे बऱ्याच जणांना लहानपणी इंग्रजीच्या शिकवणीतच नाव मिळतं. यांनाही बाईंनी दिलं होतं, तेच नकोय. कारण विचारू नका.

सिनेमावेडा: लेस्ली! हाँगकाँगचे नट लेस्ली चेउंग आठवा.

अभ्या_नाशिक: अमेरिकेत हल्ली लेस्ली म्हटलं की बाईच समजतात. परिषद अमेरिकेतच ना?

शिंचूकर: हो, ते लिहायचं राहिलं.

माई_ठाणे: किरण ठेवा! शीतल, सुमनही आहेत. किरण लिन किती गोड वाटतं.

शिंचूकर: दाखवलं. आवडलंही. पण तिकडे 'कॅरन' वाचतील ही भीती आहे, ते बाईचं नाव.

नियमावली: तैवानच्या पासपोर्टवर पर्यायी नावाची नोंद करता येते. चीनच्या पासपोर्टवर मात्र पिनयिनमधलंच (चिनी नाव रोमन लिपीत लिहायची पद्धत) नाव असतं.

शिंचूकर: पासपोर्टचं कोण विचारतंय?

नियमावली: आज नाही, व्हिसाच्या वेळी विचाराल. शिवाय शोधनिबंधावर एकदा नाव छापलं की बदलणं किचकट. ऑर्किड (ORCID) हा संशोधकांचा ओळख क्रमांक काढून सगळी नावं त्यात नोंदवा, म्हणजे जुने निबंध हरवणार नाहीत.

अभ्या_नाशिक: हे मात्र कामाचं. माझं मत मॉर्गन किंवा जॉर्डन. दोन्ही लिनशी जुळतात, दोन्हींत उच्चाराची अडचण नाही. टेलर नको, लोक टेलर स्विफ्ट समजून गाणं म्हणायला लावतील.

कट्टर_कोल्हापुरी: मॉर्गन म्हणजे बँक वाटते.

शिंचूकर: मॉर्गनवर हो म्हटलंय. बॅजवर 'मॉर्गन लिन' आणि खाली मूळ नाव. फॉर्म भरतोय.

माई_ठाणे: बरं, तैवानात शाकाहारी मिळतं का रे? भाचा निघालाय.

शिंचूकर: भरपूर, बौद्ध लोकांची खास भोजनालयं आहेत. पण कांदा-लसूण नसतो त्यात. वेगळा धागा काढा ना, माई.