काळ्या रानात ओलावा सेन्सर नीट चालेना

प्रश्न: परभणीकडच्या रानात कपाशीच्या ठिबकसाठी ईएसपी32 (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि दोन टोकांचा ओलावा सेन्सर बसवलाय. टोकं हिरवी पडली. वाय-फाय चालू केलं की रीडिंग गायब, आणि व्हॉल्व्ह बंद होताना बोर्ड रीसेट होतो.

उत्तर: टोकांतून सतत डीसी करंट गेला की तांबं झिजणारच. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्यात उघडा धातू मातीला लागत नाही. त्याच्या वरच्या सर्किटवर आणि पीसीबीच्या (सर्किटच्या पट्टीच्या) कडांवर इपॉक्सी लावा, पाणी कडेनंच शिरतं. वाय-फाय चालू असताना एडीसी2 (सेन्सरचं व्होल्टेज वाचणारा बोर्डाचा एक भाग) चालत नाही. सेन्सरची वायर एडीसी1 च्या जीपीआयओ 34 पिनवर घ्या.

उत्तर: रीसेट व्हॉल्व्हच्या कॉइलमुळे, बंद होताना ती उलटा व्होल्टेजचा झटका देते. व्हॉल्व्ह 12 व्होल्ट डीसी असेल तर कॉइलला 1एन4007 डायोड जोडा, पट्टीचं टोक प्लसकडे. उलटा लागला तर शॉर्ट होईल.

उत्तर: मातीकडेही बघा, खरी गोम तिथंच आहे. काळी माती वाळली की आकसते आणि सेन्सरच्या पात्यापासून सुटते. मधल्या हवेमुळे रान आहे त्यापेक्षा कोरडं दिसतं, मग पाणी फुकट जातं. त्याच रानातल्या मातीचा चिखल करून पात्याभोवती घट्ट दाबा. कॅलिब्रेशन (रीडिंग ओलाव्याशी जुळवणं) पाण्याच्या ग्लासात नको. उन्हात वाळवलेली 1 किलो माती घ्या, दर खेपेला 100 मिली पाणी कालवा, सारखीच दाबा, रीडिंग लिहा. 400 मिलीपर्यंत पुरे.