ऑफिसचा मेल नक्की कोणाचा?

ए-५०४: सुप्रभात. जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका कोणी. सोसायटीच्या हॉलसाठी मी मागच्याच महिन्यात ऑफिसच्या मेलवर अर्ज पाठवला होता, काल विचारायला गेले तर म्हणे असा मेलच आलेला नाही आणि रविवारी हॉल दुसऱ्यांना दिलाय. माझ्याकडे पाठवलेला दिसतोय की! आता पाहुण्यांना काय सांगू मी?

सी-१०२: आमच्या गळतीच्या तक्रारीचं पण हेच झालं

बी-२०३: लिफ्टवाल्याचा नंबर आहे का कोणाकडे? बी विंगची परत तिसऱ्यावर अडकलीय. आत कोणी नाहीये

सेक्रेटरी: ताई मनापासून सॉरी. मी आणि मॅनेजरने काल रात्री सगळं शोधलं, स्पॅमपण बघितलं. सर्व्हरवर तुमचा मेल खरंच नाहीये. गळतीचा मात्र आहे, तो वाचलेला दिसतोय.

सी-१०२: वाचला कोणी मग?

खजिनदार: मी. मोबाईलवर उघडला होता. मला वाटलं तक्रारी मॅनेजर बघतो.

मॅनेजर: मॅडम मला तो ठळक अक्षरात दिसलाच नाही, वाचलेला दिसला म्हणून मला वाटलं तुम्ही बघताय

बी-२०३: लिफ्टवाल्याचा नंबर?

ए-१०१: ५०४, तुमचा मेल माझ्या लॅपटॉपवर आहे. आत्ताच बघितला.

ए-५०४: काका तुमच्याकडे कसा?? तुम्ही तर कमिटी सोडलीत ना

ए-१०१: सोडली, पण मेल अजून इकडे येतो. आणि आता सगळे माझ्यावर घसरणार असाल तर आधीच सांगतो, ६ वर्षं एकट्याने मेल सांभाळलाय, रात्री ११ वाजता उत्तरं दिलीयत. तेव्हा कोणाला पुरावे लागले नाहीत.

सी-३०४: काका, तुमची चूक नाहीये, सेटिंगची आहे. तुमच्या लॅपटॉपवर खातं पीओपी३ या पद्धतीने जोडलंय. त्यात प्रोग्रॅम मेल खाली उतरवून घेतो आणि "सर्व्हरवर प्रत ठेवा" ही खूण नसेल तर सर्व्हरवरून पुसून टाकतो. म्हणजे तुम्ही लॅपटॉप उघडलात की त्या वेळचे नवे मेल तुमच्याकडे येणार आणि ऑफिसात ते दिसणारच नाहीत. एक माणूस एक कॉम्प्युटर होता तोवर हे चालून गेलं.

ए-१०१: मग आधी का नाही सांगितलंस

सी-३०४: मागच्या वर्षी मीटिंगमध्ये बोललो होतो काका, पार्किंगचा विषय निघाला आणि राहून गेलं

सी-४०१: पार्किंगचं नाव काढलंच आहे तर माझ्या जागेत कालपासून कोणाची तरी पांढरी गाडी आहे 😡

सेक्रेटरी: प्लीज, एका वेळी एक विषय 🙏

डी-२०२: एवढं कशाला, पासवर्ड ग्रुपवर टाका, ज्याला पाहिजे तो बघेल. विषय संपला

सी-३०४: नको हो. त्या मेलवर भाडेकरूंची कागदपत्रं, पॅनच्या प्रती असं सगळं येतं. आणि एकच पासवर्ड दहा जणांकडे असला की मेल कोणी उडवला ते कळतच नाही, कोणी कमिटी सोडली की सगळ्यांचा बदलायचा. प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि ऑफिसचा मेलबॉक्स त्यांना शेअर केलेला, असं हवं.

डी-२०२: आमच्या ऑफिसात एकच पासवर्ड आहे, काही बिघडलं नाही

सी-३०४: इथे बिघडलंय, वर वाचा ना. आपण सगळीकडे आयमॅप ही पद्धत वापरू, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो, सगळ्यांना एकच दिसतो. पण वाचल्याची खूण सर्व्हरवर राहते, एकाच लॉगिनने एकाने उघडला की सगळीकडे वाचलेला. गळतीचं तेच झालं. म्हणून दोन फोल्डर करू, "बाकी" आणि "झालं", काम पूर्ण झाल्याशिवाय मेल "बाकी"मधून हलवायचा नाही. आणि मोबाईलवर जागा करायची म्हणून डिलीट तर अजिबात नाही, तो सगळ्यांकडूनच जातो.

खजिनदार: अरे बापरे. मी करायचे 😟

डी-२०२: तरी म्हणतो पासवर्ड टाका ग्रुपवर, सोपं पडेल

बी-२०३: लिफ्ट. वाल्याचा. नंबर.

ए-१०१: घ्या, माझ्या फोनमधून कॉन्टॅक्ट पाठवतोय

बी-२०३: काका लावला. तो म्हणतो मी लिफ्टचं काम सोडलं

मॅनेजर: तो जुना मेकॅनिक. नवीन माझ्या डायरीत आहे, टेबलावर पोचलो की देतो, ५ मिनिटं

सी-३०४: हे बघा, काकांच्या फोनमध्ये एक, डायरीत दुसरा. कॉन्टॅक्ट फॉरवर्ड केला की ती नुसती प्रत जाते, नंबर बदलला तर समोरच्याकडे जुनाच राहतो. ऑफिसचं अ‍ॅड्रेसबुक सर्व्हरवर ठेवून फोनला कार्डडॅव या पद्धतीने जोडलं की एकाने सुधारलं तर सगळ्यांकडे सुधारतं. कॅलेंडरला तसंच कॅलडॅव. आपल्या मेलवाल्याकडे दोन्ही आहेत, मी बघितलंय, फक्त चालू करायचे.

डी-१०१: कॅलेंडर मागे केलं होतं की. त्यावर कोणाच्या तरी डेंटिस्टची अपॉइंटमेंट दिसायची 😂

सी-१०२: ती माझीच होती. तुम्हाला हसायला काय झालं?

सेक्रेटरी: काकू, ते फोनवर चुकून होतं कोणाचंही. आणि तेव्हा टाकी सफाईची एक तारीख पुढे ढकलताना "फक्त ही" ऐवजी "सगळ्या" दाबलं गेलं, पुढच्या सगळ्याच सरकल्या. ते मी केलं होतं.

सी-३०४: म्हणून हॉलचं कॅलेंडर वेगळं, बघायला सगळ्यांना, लिहायला फक्त सेक्रेटरी आणि मॅनेजर.

ए-५०४: हे सगळं छान आहे, पण माझ्या रविवारचं काय?

सेक्रेटरी: ताई, दुसऱ्या पार्टीशी बोललो आत्ता. ते दुपारी २ला हॉल सोडतात, तुम्हाला ५ ते ९ चालेल?

ए-५०४: चालेल. पण लेखी द्या.

मॅनेजर: लिफ्टवाला निघाला, अर्ध्या तासात पोचतो म्हणाला

बी-२०३: 🙏🙏

ए-१०१: ६ वर्षांचे मेल आहेत माझ्याकडे. ते जायला नकोत.

सी-३०४: जाणार नाहीत काका. आधी सर्व्हरवर जागा किती आहे बघू, मग तुमच्या लॅपटॉपचा बॅकअप, मग त्याच प्रोग्रॅममध्ये खातं आयमॅपने जोडून जुने फोल्डर सर्व्हरवर ओढायचे. तोवर फक्त लॅपटॉपवर मेल उघडू नका. तुम्ही जवळ बसलात तर बरं, कुठला फोल्डर कशाचा ते तुम्हालाच माहीत.

ए-१०१: ७ला येतो ऑफिसात. चार्जरची वायर हलते, तुझा घेऊन ये.

सी-४०१: पांढरी गाडी???

मॅनेजर: हॉल, रविवार, ५ ते ९, ए-५०४. कॅलेंडरवर टाकलंय, लिंक वर पिन केलीय. ताई दिसतंय का?

ए-५०४: दिसलं.