मदत हवी आहे: पोरं गेली, दूध अजून दोन लिटरच

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे. मुलगी गेली, आता मुलगापण गेला आणि बायको काही ऐकत नाही. अजून चौघांचाच स्वैपाक, दूध दोन लिटर, फ्रीजमध्ये पातेल्यावर पातेली, आणि काही बोललं की पोराचं कपाट आवरत बसते, ते कालच आवरलेलं असतं. काय करू? परवा सासूबाई येतायत, त्याआधी सांगा.

मिरजवाला:
गेली म्हणजे कुठं? वाचून धस्स झालं की राव! नीट लिहा.

विश्रामबागकर:
लिहिलंय की. बरं, मुलगी बंगळुरूला नोकरीला, मुलगा सप्टेंबरात जर्मनीला एमएसला.

सुमनकाकू:
म्हशीचं आहे का? रोजची साय विरजणात टाकत जा, नुसती साठवली की तूप कडू होतं. दूध मुळीच कमी करू नका.

हरिपूरच्या वाटेवर:
सकाळी दोघं हरिपूर रस्त्यानं संगमेश्वराच्या देवळापर्यंत चालत जा. आमच्या हिला तेवढ्यानंच फरक पडला.

मिरजवाला:
प्रत्येक धाग्यावर तुमचं हरिपूर! उद्या कुणाचा गुडघा दुखला तरी तेच सांगाल. मुलगी बंगळुरूला आहे ना, मिरजेतून दुपारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसात बसवा, सकाळी तिकडे. महिनाभर राहू द्या.

हरिपूरच्या वाटेवर:
आणि परत आल्यावर? घर तेवढंच रिकामं.

नर्सताई:
वहिनींचं वय काय? झोप, जेवण कसंय? पाळी जायच्या वयात हे सगळं एकदमच अंगावर येतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात.

विश्रामबागकर:
51. झोपते व्यवस्थित. भिशीला जाते, हसतेपण. फक्त स्वैपाक आणि दूध.

सध्या म्युनिक:
मी पोरांच्या बाजूनं सांगते. आई दिवसातून सहा वेळा फोन करायची, मी लेक्चरमध्ये, उचलायचे नाही, की तिकडे रडारड. शेवटी रविवार ठरवला, मी इकडे कुकर लावते आणि ती तिकडून ओरडते की पाणी जास्त झालं. आत्ता साडेतीन तासांचा फरक आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात मग साडेचार, नाहीतर काकू तासभर आधीच फोन धरून बसतील.

सुमनकाकू:
पण फोनवर पोट भरतं का गं?

नर्सताई:
विश्रामबागकर, एक विचारू? वहिनी ठीक दिसतायत. गवळ्याकडून दूध घेतं कोण?

विश्रामबागकर:
मीच. सकाळी सहाला फाटकात.

नर्सताई:
मग त्याला लिटरभर कमी कर म्हणून सांगितलंत?

विश्रामबागकर:
रोज ठरवतो. पण तो विचारतो, धाकटे साहेब कसे आहेत, मग राहूनच जातं. तिनं तर मागच्याच महिन्यात सांगितलं होतं कमी करा म्हणून.

मिरजवाला:
आँ? मग इतका वेळ आम्ही कुणाला बंगळुरूला पाठवत होतो?

सध्या म्युनिक:
धाग्याशी संबंध नाही, पण सांगलीचं भडंग कुरियरनं इथं नरम न पडता येतं का?

सुमनकाकू:
येतं की. मुरमुरे आधी कडकडीत उन्हात दे म्हणावं आईला.